सीझेड ४५७ : साडेसोळा, साडेवीस की पावणेपंचवीस इंच?

नळी जितकी लांब तितका मार लांब, हे गणित .२२ लाँग रायफल काडतुसाला लावायचं नाही. त्या इवल्याशा काडतुसात दारूच इतकी थोडी असते, की साधारण १६ ते १९ इंचांच्या आत तिचा जोर संपतो. त्यापुढे नळी असली तर गोळी निव्वळ घर्षण सोसत बाहेर येते. म्हणून सीझेड ४५७ ही .२२ रायफल घेताना 'मोठी घेऊ, लांब जाईल' असं मनात असेल तर आधी ते काढून टाका. लांब नळी घ्यायला चांगली कारणं आहेत, पण ती वेगळी आहेत.

४५७ ही झेक बनावटीची बोल्ट रायफल. आधीच्या ४५५ च्या मानाने बोल्ट कमी फिरवावा लागतो, ६० अंशांत काम होतं, त्यामुळे दुर्बीण खाली बसवली तरी बोट अडत नाही. सेफ्टी पुढे ढकलली की रायफल फायरला तयार, सीझेडच्या जुन्या .२२ मॉडेलांत हे उलटं होतं, तेव्हा ४५२ वर हात बसलेल्यांनी पहिले काही दिवस जपून. ट्रिगरचं वजन, त्याची ओढ आणि सुटल्यानंतरची चाल असं तिन्ही जुळवता येतं. मॅगझीन ५ गोळ्यांचं. नळी थंड ठोकून घडवलेली, खाचांचा पीळ १६ इंचांत एक फेरा. इथपर्यंत इथे घेतलेली तिन्ही मॉडेलं सारखीच. वेगळं आहे ते लक्सची बारीक २४.८ इंची नळी, व्हार्मिंटची जाड २०.५ इंची, आणि व्हार्मिंट प्रिसिजन चॅसिसची (लाकडी दस्त्याऐवजी धातूचा सांगाडा) जाड १६.५ इंची. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड यांत ८.३ इंच, म्हणजे २१ सेंटिमीटर.

या २१ सेंटिमीटरनी वेगात किती फरक पडतो? सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) किंवा स्टँडर्ड काडतूस सेकंदाला सुमारे ३३० मीटरने सुटतं. नळी बदलली तर फार तर पाच-सहा मीटरचा फरक, आणि तो लांब नळीच्याच बाजूने पडेल याची खात्री नाही. धरून चालू की पूर्ण ६ मीटर पडला. ५० मीटरवर झिरो केलेली (नेम त्या अंतराला जुळवलेली) रायफल १०० मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर खाली मारते. ६ मीटरच्या फरकाने हे २० चं १९ किंवा २१ होईल. दुर्बिणीच्या चाकाचे दोन-चार टिचके, बस्स.

आता हेच .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या बाबतीत बघा. तिथे दर इंचामागे सेकंदाला साधारण ६ ते ९ मीटर वेग वाढतो, कारण दारू भरपूर आणि हळू जळणारी. २२ इंच आणि २६ इंच यांत २५ ते ३५ मीटरचा फरक सहज पडतो. तरीही १०० मीटरवर झिरो करून ३०० मीटरवर पाहिलं तर पडझडीतला फरक ४ सेंटिमीटरच्या आसपासच. मोठ्या बोअरमध्येसुद्धा नळीच्या लांबीला वाटतं तेवढं वजन नाही. लांबचा मार चुकतो तो बहुतेक वेळा वाऱ्याने. आपल्याकडच्या .३१५ बोअर रायफलीची गोळी तर जड आणि संथ. ती रायफल ३०० मीटरसाठी घेणं हाच मुळात चुकीचा बेत, तिच्या नळीवर वाद घालून उपयोग नाही.

आखूड नळीने काय बिघडू शकतं याचं जुनं उदाहरण ली-एनफिल्डचं. नंबर ४ रायफलची नळी २५.२ इंच. १९४४ मध्ये जंगलासाठी नंबर ५ कार्बाइन काढली, नळी १८.७५ इंच, पुढे नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर (नळीतली ज्वाळा झाकणारं टोक). हातात सुटसुटीत, पण धक्का जबरदस्त, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि झिरो एका जागी राहत नाही ही तक्रार शेवटपर्यंत गेली नाही. .२२ मध्ये यातलं काहीच होत नाही. धक्का नावापुरता. आवाज मात्र आखूड नळीत थोडा टोकदार येतो, कारण गोळी बाहेर पडताना मागे दाब जास्त उरलेला असतो. बंद शेडच्या रेंजवर शेजारच्या फायरिंग पॉइंटवरच्याला तो कळतो.

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात घरटी एक फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथे. त्यामुळे रायफलीवर मत द्यायला माणसं कमी नाहीत, आणि बहुतेकांचा हात लष्कराच्या इन्सास रायफलीच्या ४६४ मिलिमीटर नळीवर बसलेला. ती सव्वाअठरा इंच भरते. त्यांना साडेसोळा इंची चॅसिस लगेच आवडते: खांद्याला लावली की घरची वाटते. त्यांचं चूक नाही. पण इन्सास उचलून पळायची असते. रेंजवरच्या रायफलीला कुठे पळायचं नसतं.

लक्स, २४.८ इंच

ही घ्यायची एकच खरी वेळ: उघड्या साइटवर मारायचं असेल तर. लक्सवर मागची साइट टँजेंट पद्धतीची (अंतरानुसार वर-खाली करता येणारी), २५ ते २०० मीटरच्या खुणांची. पुढची साइट टोपीखाली. साइट्समधलं अंतर वाढलं की डोळ्याची चूक लहान होते. हिशेब सरळ आहे. दोन साइट्समध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि पुढची साइट खाचेत ०.१ मिलिमीटर हलली, तर ५० मीटरवर गोळी १० मिलिमीटर सरकते. अंतर ६० सेंटिमीटर झालं तर तीच चूक ८ मिलिमीटरवर येते. अंतर ४२ असेल तर १२. ५० मीटरच्या ऑलिम्पिक टार्गेटवर दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, तेव्हा हे दोन-चार मिलिमीटर फुकटचे नाहीत.

दुर्बीण लावली की हा सगळा फायदा शून्य. दुर्बिणीला नळी किती लांब आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. लक्सवर दुर्बीण लावून उघड्या साइट्स शोभेला ठेवायच्या असतील तर पैसे वाया.

मॅच रायफली बनवणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. अनशुट्झ १९१३ या जर्मन मॅच रायफलीची नळी ६९ सेंटिमीटर, ती जुनी रीत. अलीकडे बरेच जण नळी आखूड ठेवून तिच्या टोकाला पोकळ नळकांडं बसवतात आणि पुढची साइट त्याच्यावर. गोळी लवकर सुटते, साइट्समधलं अंतर मात्र लांबचं लांब. साडेसोळा आणि पावणेपंचवीस इंचांत गोळी नळीत घालवते तो वेळ सुमारे ०.६ मिलिसेकंदाने वेगळा. उभ्याने मारताना रायफल डोलत असते, त्या वेळेत ती किती हलते हे नवशिक्याच्या टार्गेटवर दिसतं, मुरलेल्याच्या दिसत नाही.

लक्सचं वजन सुमारे २.८ किलो. नळी बारीक असल्यामुळे लांब असूनही नाक जड वाटत नाही, आणि उभ्याने मारताना ही लांब बारीक नळी छान स्थिर बसते. तीन पोझिशन (गुडघ्यावर, पडून, उभ्याने) शिकणाऱ्या पोराला हातात द्यायला ही बरी. गुडघ्यावर मात्र कमी उंचीच्या मुलांना पुढचा हात पोचत नाही.

व्हार्मिंट, २०.५ इंच

आमचा कौल हिला. नळी जाड, सुमारे २२ मिलिमीटर, शेवटपर्यंत जवळजवळ तेवढीच. आखूड आणि जाड म्हणजे ताठ: काडतूस बदललं तरी ग्रुपची (टार्गेटवरच्या गोळ्यांच्या पुंजक्याची) जागा कमी भटकते, आणि तापली तरी लवकर वाकडी चालत नाही. .२२ तापून तापून किती तापणार, हे खरं. पण एप्रिलमध्ये दुपारी उन्हात पडलेली काळी नळी हाताला चटका देते, हेही खरं. वजन सव्वातीन किलोच्या आसपास, त्यावर दुर्बीण आणि रिंगा मिळून पाऊण किलो धरा. पडून आणि बायपॉडवर उत्तम. उभ्याने पंधरा गोळ्यांनंतर डावा खांदा बोलायला लागतो. उघड्या साइट्स नसतात, तेव्हा दुर्बिणीचा खर्च आधीच धरून चाला. रिसीव्हरवर ११ मिलिमीटरची खाच आहे. रिंगा घेताना ते सांगा, नाहीतर दुकानदार पिकॅटिनीच्या (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीवर बसणाऱ्या) रिंगा देऊन मोकळा होतो आणि वर पट्टी वेगळी विकतो.

प्रिसिजन चॅसिस, १६.५ इंच

बेंचवर, अडथळ्यांच्या मॅचमध्ये, गाडीतून ने-आण करताना हिच्यासारखी दुसरी नाही. अॅल्युमिनियमची चॅसिस, गालाची उंची आणि दस्त्याची लांबी बदलता येते, म्हणजे घरात बाप आणि मुलगी दोघांच्या मापाची एकच रायफल होऊ शकते. अचूकतेत ती लांब नळीला कुठेही कमी नाही. वजन मागे सरकल्यामुळे उभ्याने मात्र फार चंचल. टोक वाऱ्यावर भिरभिरतं. टोकाला आटे पाडलेले असतात. आपल्याकडे आवाज दाबणारी उपकरणं निर्बंधित वर्गात येतात, तेव्हा त्या आट्यांवर कंपनीची टोपी घट्ट बसवून ठेवायची आणि विषय संपवायचा. टोपी सैल झाली तर गोळ्या पसरतात. कारण शोधत लोक दुर्बीण बदलतात. आधी टोपी बघा.

वारा

नळीवर जेवढी चर्चा होते तिच्या निम्मी वाऱ्यावर झाली तर ग्रुप अर्धे होतील. बेळगावचं पठार साडेसातशे मीटरच्या वर, पश्चिमेला घाट. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा दिवसभर थांबत नाही. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .२२ ची स्टँडर्ड गोळी ५० मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर आणि १०० मीटरवर सुमारे ११ सेंटिमीटर सरकते. अंतर दुप्पट, सरकणं चौपट. नळीने पडलेल्या एका सेंटिमीटरच्या शेजारी हे ठेवून बघा.

हाय व्हेलॉसिटी काडतूस घेऊन वाऱ्याला हरवता येईल असं वाटतं. होतं उलटं. ती गोळी ध्वनीच्या वेगाहून जोरात सुटते, वाटेत वेग झपाट्याने गमावते, आणि वारा तिला स्टँडर्ड गोळीपेक्षा जास्त ढकलतो. ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डगमगते ती वेगळी. ५० मीटरपलीकडे स्टँडर्डच वापरा.

तिसरी गोष्ट काडतुसांच्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या एका खेपेची. एकाच डबीतल्या गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर १०० मीटरवर उभ्या रेषेत ३ सेंटिमीटरचा पसारा नुसत्या त्यानेच होतो. कोणती नळी घ्यायची यावर महिना घालवण्यापेक्षा तीन-चार लॉटच्या एकेक डब्या घेऊन, वारा पडलेल्या सकाळी, दर लॉटचे पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारा. एका ग्रुपवर निर्णय घेऊ नका. लॉट ठरला की तोच नंबर जमेल तेवढा उचला.

पाऊस आणि लाकूड

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे काळ्या पॉलिशच्या नळीचं काय होणार. फोमच्या बॅगेत रायफल ठेवणं म्हणजे तिला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवणं. घरी आणल्यावर बॅगेतून काढा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. नळीच्या टोकाकडचे शेवटचे दोन इंच आणि दुर्बिणीच्या रिंगांखालची जागा आधी गंजते.

लक्स आणि व्हार्मिंटचा दस्ता लाकडी. लाकूड ओल पितं, फुगतं, आणि नळीला टेकतं. उन्हाळ्यात छान झिरो केलेली रायफल जुलैत अचानक एका बाजूला मारायला लागली, तर बहुधा हेच. तपासायला दहाची नोट पुरते: रायफल रिकामी असल्याची खात्री करून नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवा. रिसीव्हरजवळच्या भागापर्यंत न अडकता गेली पाहिजे. अडकली तर त्या जागी बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा आणि उघडं पडलेलं लाकूड लगेच तेल लावून बंद करा. ते तसंच ठेवलं तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. लांब बारीक नळीत हा त्रास जास्त. अॅल्युमिनियमच्या चॅसिसला तो माहीतच नाही. सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्याने साडेसोळा इंची घ्यायचं हे एक भक्कम कारण.

साफसफाईत नळीची लांबी थोडी नडते. दांडी नेहमी चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने) घालायची. टोकाकडून घातली तर कडा झिजते आणि अचूकता जाते. बोल्ट काढून मागून घालताना रिसीव्हरची लांबीही मोजावी लागते, म्हणून लक्सला ३६ इंची दांडी घ्या. .२२ ला रोज घासायची गरज नसते. मेणाचा थर बसलेली नळीच नीट मारते; खरडून साफ केली तर पुन्हा जमायला दहा-वीस गोळ्या जातात. लक्ष द्यायचं ते चेंबरच्या पुढे, काडतुसाचं तोंड जिथे संपतं तिथे जमणाऱ्या कार्बनच्या कड्याकडे. ते कडं वाढलं की काडतूस आत जाताना अडतं.

नळी बदलता येते, पण

४५७ ची नळी रिसीव्हरच्या खालच्या दोन स्क्रूंनी धरलेली. मॅगझीन आणि बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने पाहा. दस्ता उतरवा, दोन्ही स्क्रू अॅलन कीने ढिले करा, नळी पुढे ओढा. रिसीव्हरची आतली बाजू पुसून कोरडी करा. नवी नळी अशी बसवा की एक्स्ट्रॅक्टरच्या (केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचा जागेवर येतील आणि नळीवरचे सपाट भाग स्क्रूंसमोर. तळाशी टेकली याची खात्री करून स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. किती ताकदीने, ते कंपनीच्या पुस्तिकेत आहे, अंदाजाने नको. आत कचरा राहिला तर नळी पूर्ण बसत नाही, आणि मग कधी काडतूस फुटत नाही, कधी रिकामं केस निघत नाही. बदलल्यावर झिरो नव्याने करायचा. आणखी एक: व्हार्मिंटची जाड नळी लक्सच्या दस्त्याच्या खोबणीत मावत नाही. म्हणजे एका रायफलीत तिन्ही लांबी, हे स्वप्न दस्त्यावर येऊन अडतं.

त्याहून मोठी अडचण कागदाची. शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजतात. जादा नळी आधी लायसन्सवर चढवल्याशिवाय घरात आणू नका. लांब नळी घेऊन ती लेथवर कापून घेऊ, हा विचार तर नकोच: १९५९ च्या कायद्याचं कलम ६ नळी आखूड करण्यालाच परवाना मागतं. वीस इंचांची मर्यादा म्हणून जे कानावर येतं ते बिनखाचांच्या बंदुकांसाठी आहे. कारखान्यातून साडेसोळा इंची आलेली रायफल त्या नियमात येत नाही, पण अर्ज तपासणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगायची तयारी ठेवा. अर्ज कन्नडातून असेल तर बोअर, नळीची लांबी आणि नंबर हे तीन रकाने स्वतः दोनदा वाचा, किंवा कन्नड वाचणाऱ्याला घेऊन जा.

सीमाभागातल्याने लायसन्सची क्षेत्रमर्यादा बघितलीच पाहिजे. निपाणी-चिकोडीकडच्या पोरांना सरावाला बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ, आणि जाणारच ती: तेजस्विनी सावंत, राही सरनोबत तिथल्या, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला. पण लायसन्स कर्नाटकापुरतं असेल तर राज्याची सीमा ओलांडून रायफल नेता येत नाही, क्लबचं पत्र खिशात असलं तरी.

.२२ हातात आली म्हणून शेतातल्या रानडुकरावर ती चालवायचा विचार कोणी करू नये. १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते, आणि एवढ्या गोळीने जनावर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येतं.

निवडणुका लागल्या की शस्त्रं ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचा आदेश येऊ शकतो. नळीतून तेलाचा बोळा फिरवून द्या, बोल्टवर तेल द्या, दुर्बीण काढून घरी ठेवा, आणि पावतीवर नंबरासोबत नळीची लांबी लिहून घ्या. मोजायची पद्धत: रायफल रिकामी, बोल्ट बंद, टोकाकडून लाकडी किंवा प्लॅस्टिकची दांडी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत हळूच सोडा, टोकाशी खूण करा, दांडी काढून मोजा. टोपी किंवा नळकांडं लावलेलं असेल तर आधी उतरवा, ते लांबीत धरायचं नाही.